कोपरखैरण्यातली मशेरी: प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

प्रबंधाचा विषय एकदाचा ठरला. ‘गृहिणींच्या आहाराच्या सवयी’ असं काहीतरी गुळमुळीत लिहून नेलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "तू राहतेस कुठे?" म्हटलं, कोपरखैरणे, माथाडी वसाहतीच्या मागे. "मग तुझ्या गल्लीत बायका सकाळी उठून काय करतात ते लिहून आण." ते बघायला वेगळं जावं लागत नाही. डाव्या तळहातावर चिमूटभर मशेरी, उजवी तर्जनी काळी, आणि मोरीपाशी उकिडवं बसून गप्पा.

तर विषय असा: माथाडी वसाहतीतल्या बायकांची मशेरी आणि तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या पुरुषांची तंबाखू. कोण सोडतं, कशामुळे सोडतं, आणि सुटलेली परत का लागते. ‘तंबाखू वाईट’ एवढं लिहून भागणार नाही, ते पुडीवर छापलेलंच असतं.

आकडे उतरवून घेतले. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले, महाराष्ट्रात २६.६ टक्के. त्यात ओढणारे अवघे ३.८ टक्के, आणि धूर नसलेली तंबाखू घेणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही घेतात). म्हणजे आपल्याकडचा सगळा कारभार गालात आणि हिरडीवर. वाचायला मिळालेले बहुतेक लेख मात्र सिगारेटवाल्यांवर बेतलेले आहेत. हे लक्षात ठेवूनच पुढे जायचं.

९ डिसेंबर

वाचन. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे, १९८३. आपली आपण सिगारेट सोडू पाहणारे ८७२ अमेरिकन लोक, आणि त्यांच्यावरून मांडलेले बदलाचे टप्पे: विचारच नाही, विचार चालू आहे, कृती, टिकवणं. ‘तयारी’ हा टप्पा पुढे पक्का झाला. यातलं एक फार आवडलं. घसरण झाली म्हणजे सगळं संपलं असं ते मानत नाहीत, घसरणारा पुन्हा कुठल्या तरी टप्प्यावर उभा राहतो. खटकल्या त्या मुदती. सहा महिन्यांत सोडायचा विचार आहे का, महिन्याभरात आहे का, यावर माणूस कुठल्या खणात बसवायचा ते ठरतं. रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये यावरच बोट ठेवलं: या रेषा मनाने ओढलेल्या आहेत, आणि कितीतरी लोक कसलीही तयारी न करता एका झटक्यात सोडून मोकळे होतात.

मॅडम म्हणाल्या, दोघांचंही वाच आणि मग बायकांना विचार.

१४ डिसेंबर

आज मशेरी भाजताना शेजारी बसून पाहिली. साताऱ्याकडच्या, साठी ओलांडलेल्या मावशी. वहीत त्या ‘म-१’. सून कामावर आणि नातवंडं शाळेत गेली की मगच भाजायला घेतात, दार-खिडक्या सताड उघडून. तवा पोळीचा नव्हे, वेगळा, मोरीवरच्या खिळ्याला टांगलेला. पानं हाताने चुरून मंद आचेवर टाकली. आधी ओलसर, थोडा गोडूस वास येतो आणि मग एकदम नाकातून डोक्यात जातो. मावशी उलथन्याने हलवत होत्या, नजर रंगावर. तपकिरी झाली, कडा काळवंडल्या, तरी गॅस चालूच. "अजून कच्ची हाय. कच्ची लावली तर गरगरतंय." पुरती काळी झाल्यावर तवा उतरवला, गार होऊ दिली, वाटीच्या बुडाने रगडली, फडक्यातून गाळली आणि मलमाच्या रिकाम्या डबीत भरली. मी शिंकून शिंकून बेजार, त्यांना काहीच नाही.

घरातल्या एखाद्या पदार्थासारखी ही गोष्ट आहे आणि तिच्यात मावशींचा हातखंडा आहे. समोरच्या दोन घरांत त्यांच्याच हातची जाते. "बाजारातली तयार आणली तर मजा न्हाई," हे सांगताना चेहऱ्यावर जो अभिमान होता, त्याला माझ्या प्रश्नावलीत रकाना नाही.

आणखी एक. २०१६ पासून पुडीच्या ८५ टक्के भागावर चित्रासकट इशारा सक्तीचा आहे, आणि व्यसनमुक्तीच्या मदतीचा निःशुल्क नंबरही छापलेला असतो, १८००-११-२३५६. मावशींची तंबाखू येते सुटी, वाण्याने कागदात बांधून दिलेली. ना चित्र, ना नंबर. सरकारचा निरोप त्यांच्या घरात शिरतच नाही.

१७ डिसेंबर

टप्प्यांचा ठरीव प्रश्न विचारून पाहिला: येत्या सहा महिन्यांत मशेरी सोडायचा विचार आहे का?

म-१: "सोडायची काय, चार डाव सोडली की. पुन्यांदा धरली."

त्यांची जाऊ: "नातीचं जावळ हुंद्या."

पलीकडच्या काकू: "यात्रा झाली की बघू." आणि हसल्या. सगळ्याच हसल्या.

इथे काळ महिन्यांनी मोजत नाहीत. जावळ, बाळंतपण, यात्रा, पोराची बारावी या खुणा. म-१ तर कुठल्याच खणात बसत नाहीत: विचार आहे, कृती झाली आहे, टिकवलीही आहे (धाकट्या मुलीच्या वेळी वर्षभर), आणि आत्ता समोर बसून बोट हिरडीवर फिरवत आहेत.

प्रश्न बदलले. मागे कधी सोडली होती? तेव्हा घरात काय चाललं होतं? परत कुणी दिली? तिसऱ्याला सगळ्यांत भरभरून उत्तरं येतात. बहिणीने. विहिणीने. ‘गावाला गेले तवा आईनंच दिली.’ स्वतः जाऊन विकत आणली असं एकीचंही उत्तर नाही.

२० डिसेंबर

बाबांच्या ओळखीने पहाटे कांदा-बटाटा मार्केट. नवा लाल कांदा सुरू आहे. गाड्या लागलेल्या, टोळ्या उतरवायच्या कामात. पाठीवर पन्नास किलोची गोणी, हातात लोखंडी हूक, आणि धूळ अशी की बल्बभोवती कांद्याच्या टरफलांचं मोहोळ. अशा ठिकाणी मी वही घेऊन उभी म्हटल्यावर एक-दोघांनी चेष्टा केली, मग मुकादमांनी गोणीवर बसायला जागा दिली.

पाहिलं ते असं. गाडी रिकामी झाली की कुणीतरी चंची काढतो. तंबाखू डाव्या तळव्यावर, चुन्याचं बोट, अंगठ्याने मळणं, वरून दोन टाळ्या आणि बार गालात. मळणारा एक, घेणारे चार. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळं होऊन गालाच्या आतल्या अस्तरातून झटकन रक्तात जातं. हे रसायन त्यांना नावानिशी माहीत नाही, पण चुना कमी पडला तर ‘लागत न्हाई’ हे पक्कं ठाऊक आहे.

मळायला लागणाऱ्या त्या दोन मिनिटांत कुणी त्यांना हाक मारत नाही. विसावा मागायला इथे दुसरं निमित्तच नाही. तंबाखू न खाणारा एक तरुण टोळीत आहे. त्याला विचारलं, तू काय करतोस तेवढा वेळ? "काय न्हाय. मलाच सांगत्यात, जा रं, च्या घिऊन ये."

भूक मरते, झोप उडते, धूळ जाणवत नाही, असं प्रत्येकजण सांगतो. ते खरं असेलही. पण मळणाऱ्याभोवतीचं कोंडाळं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. सकाळी सगळं लिहून काढलं तेव्हा हेच पान सगळ्यांत मोठं झालं.

२७ डिसेंबर

मुखतपासणी शिबिर. मार्केटच्या जवळच, फुकट, मंडप वगैरे. दुपारपर्यंत डॉक्टरच खुर्चीत बसून. येणारे बरेचसे तंबाखू न खाणारे!

यावरूनच तर आरोग्यश्रद्धेचा सिद्धांत निघाला. अमेरिकेत १९५० च्या दशकात क्षयाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे फुकट मिळत होता, फिरती केंद्रं वस्तीजवळ येत होती, तरी लोक येईनात. हॉकबाम, रोझेनस्टॉक मंडळींनी तेव्हा शोधायला घेतलं की माणूस येतो कधी. मला हा आजार होऊ शकतो असं वाटलं, तो गंभीर आहे असं वाटलं, आणि तपासून फायदा आहे, अडचणी कमी आहेत असं वाटलं तर. कागदावर चोख बसतं. मार्केटात दुसरंच ऐकलं: "तपासलं की निघणार. निघालं की काम सुटणार. मग कशाला?" धोका त्यांना पुरता माहीत आहे आणि म्हणूनच ते मंडपाकडे फिरकत नाहीत.

डॉक्टर आधी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावतात, तोंड किती उघडतं ते कळायला. टोळीतल्या एका मामांची तीन बोटं आरामात गेली, पण डाव्या गालात पांढरा चट्टा दिसला. पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली. मामांचा चेहरा उतरला. आता हे सोडणार, असं तिथल्या सगळ्यांना वाटलं.

(जाताना बाहेरच्या टपरीवर गुटख्याच्या माळा लटकलेल्या. राज्यात बंदी २०१२ पासून.)

३ जानेवारी

मामा भेटले. चिठ्ठी खिशात, तपासणीला अजून गेलेले नाहीत. तंबाखू? "डाव्या बाजूला बंदच केली." आणि उजवा गाल फुगलेला.

मी हसू आवरलं. नंतर वाटलं, भीतीने काही घडत नाही असंही म्हणता येत नाही. घडलं की. जिथे दुखणं दाखवलं, तेवढ्या जागेपुरतं घडलं. चिठ्ठी घेऊन आशाताईंना (आमच्या वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या) त्यांच्याशी बोलायला सांगितलं आहे, कारण ती तपासणी माझ्या प्रकल्पापेक्षा महत्त्वाची.

६ जानेवारी

बायकांच्या मुलाखती उतरवून काढताना एक वाक्य पुन्हा पुन्हा येतंय. म-१ च्या शब्दांत: "मशेरी लावल्याबिगर परसाकडंला व्हत न्हाई बघ."

मी आधी ‘गैरसमज’ या शीर्षकाखाली टाकणार होते. मॅडमनी थांबवलं, शोधून बघ म्हणाल्या. शोधलं. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि ते बंद केल्यावर बद्धकोष्ठ होणं हे सोडतानाच्या त्रासांपैकी एक आहे. म्हणजे बायका खरंच सांगताहेत. सोडली की पहिले तीन दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही, आणि वर पोट गच्च. त्रास तीन-चार आठवड्यांत उतरत जातो, पण दुसऱ्याच दिवशी पोट दुखल्यावर चौथा आठवडा कुणाला दिसतो? त्यात सकाळी सहाला नळ, सातला डबा, आठला घरकामाच्या पहिल्या बिल्डिंगीत हजर. पोट साफ न होता घराबाहेर पडायचं म्हणजे बाहेर कुठे जायचं हा प्रश्न. बिल्डिंगीत कामवाल्या बाईला संडास वापरू देतात का, हे विचारलं तेव्हा सगळ्या एकदम बोलू लागल्या.

आता माझ्या प्रकल्पाला आकार दिसतोय. मशेरी यांच्या घरात कामाला आहे. पोट साफ करते, दाढ दुखली तर बधिर करते, दुपारची भूक ढकलते, शेजारणीशी बोलायला बसवते. ‘सोडा’ म्हणताना यातलं कुठलं काम उद्यापासून कोण करणार, ते सांगावं लागेल. भित्तीपत्रकं तेवढंच सोडून बाकी सगळं सांगतात.

१८ जानेवारी

आशाताईंच्या घरी हळदीकुंकू. गटचर्चेला यापेक्षा बरी जागा नाही. तिळगूळ झाला, उखाणे झाले. ताईंनी यंदा वाण म्हणून टूथब्रश आणि पेस्ट दिली. दरवर्षीच्या प्लास्टिकच्या डब्यांना कंटाळलेल्या होत्या म्हणे, पण मला ती चाल वाटली.

ताईंच्या तपासणी फॉर्मात तिशीपुढच्या प्रत्येकाला तंबाखूचा प्रश्न असतो. रोज घेत असेल तर त्याचे धोक्याचे गुण वाढतात. बायका तिथे ‘नाही’ सांगतात. ताई मग फॉर्म बाजूला ठेवून विचारतात, दात कशाने घासता? डबी बाहेर येते.

सोडलेल्या बायकांना बोलतं केलं. एकीला नातू म्हणाला, "आजी, तू माझी पापी घेऊ नको, वास येतो." दुसरी चाळीतून बिल्डिंगमध्ये राहायला गेली. तिथे भाजायला घेतली की अख्खा मजला खोकतो, शेजारच्या बाई दार वाजवतात. तिसरीने गरोदरपणी दवाखान्यात ऐकलं आणि ठेवली ती ठेवलीच. याला पाया आहे: मुंबईतल्या १२१७ गर्भवतींचा प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा अभ्यास २००४ मध्ये आला. धूर नसलेली तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. हा आकडा सांगितल्यावर खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं नाही. एका सासूने सुनेकडे पाहिलं. सून चार महिन्यांची होती, आणि डबी सासूचीच दोघीत चालायची.

कॅन्सरचं नाव या दोन तासांत एकदाही बायकांकडून निघालं नाही.

२९ जानेवारी

छोटा प्रयोग मांडला. तयार असलेल्या बायकांपुरताच, आशाताईंच्या देखरेखीत. आधार मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांचा, १९९९: ‘मी सोडेन’ असा संकल्प लंगडा पडतो, ‘अमुक घडलं की मी तमुक करेन’ असं आधी ठरवलं तर हातून होण्याची शक्यता वाढते. वाक्य ज्याचं त्याने बनवायचं.

म-१: "च्याचं आधण ठेवलं की डबी न्हाई, गरम पाण्याचा तांब्या."

जाऊबाई: "दाढ ठणकली की लवंग, आन् दातवाल्याकडं सोमवारी."

काकू: "सकाळी मोरीवर बसायचं न्हाई. आपण दोघी चौकापतूर चालून येऊ." हे त्या जाऊबाईंना म्हणाल्या.

शेवटचं मला सगळ्यांत हुशार वाटतं. चालण्याने पोटालाही मदत, आणि गप्पा तशाच राहतात.

८ फेब्रुवारी

कॉलेजच्या भिंतीवर ‘२१ दिवसांत सवय बदला’. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या एका निरीक्षणावरून चालत आला आहे: शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. ‘निदान’ वाटेत गळून पडलं. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर रीतसर पाहिलं, २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला मध्यगा, म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचे, ६६ दिवस, आणि पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. तोही अभ्यास पाणी पिणं, फळ खाणं, धावणं अशा नव्या सवयी लावण्याचा. निकोटिनची सवय उतरवण्याचा नव्हे. काकूंना २१ सांगितले असते तर बाविसाव्या दिवशी त्यांनी मला गाठलं असतं.

एक दिवस चुकल्याने बिघडत नाही, एवढंच गटात सांगितलं. म-१ ना त्याचा भलता आधार वाटला. त्या परवाच चुकल्या होत्या.

१९ फेब्रुवारी

मार्केटात निकोटिनच्या च्युइंगगमची चौकशी. दोन मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. मुकादमांनी आणून पाहिलं आणि बडीशेपेसारखं कराकरा चावलं. उचक्या लागल्या, टोळी लोळून हसली. ते थोडं चावून गालात धरून ठेवायचं असतं, म्हणजे तंबाखूच्या बारासारखंच. हे कळल्यावर जमलं. पण चौघांत वाटता येत नाही, ही तक्रार राहिली. मशेरीवाल्या आजींच्या बाबतीत हा विषयच नाही, चावायला दातच नाहीत.

१५ मार्च

मुलाखतींचं वर्गीकरण. सुझन मिची यांची २०११ ची मांडणी वापरतेय: क्षमता, संधी, प्रेरणा या तिन्ही जुळल्या की वर्तन घडतं. माझ्या सामग्रीत ‘प्रेरणा’ ओसंडून वाहतेय, माहितीही बऱ्यापैकी आहे, आणि ‘संधी’चा रकाना रिकामा. संडास, विसाव्याची दोन मिनिटं, दातांचा परवडणारा डॉक्टर, मशेरी न देणारी विहीण. सगळं तिथेच अडतं.

फळबाजारात हापूसच्या पेट्या वाढल्यात, बाबांना श्वास घ्यायला फुरसत नाही. मामा तपासणीला जाऊन आले. चट्टा आत्ता तरी धोक्याचा नाही, पण दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. तंबाखू कमी झाली आहे, सुटलेली नाही. टोळीत आता चंची दुसऱ्याकडे असते.

२४ एप्रिल

यात्रेचा हंगाम. निम्मी वसाहत गावाला जाऊन आली.

अपेक्षित तेच: बऱ्याच जणींची परत सुरू झाली. गावाकडे सकाळी ओट्यावर सगळ्या बसतात, डबी फिरते, आणि मुंबईहून आलेल्या लेकीने ‘नको’ म्हटलं तर तिला शिंगं फुटली असं धरतात. आधण ठेवायचं काम तिथे वहिनीकडे, मग तांब्याचं वाक्य लागू कुठून होणार? म-१ यांची लागली. "आलेय न्हवं परत, आता उद्यापास्नं तांब्या," असं सरळ म्हणाल्या, खंत वगैरे काही नाही. काकू आणि जाऊबाई यांचं टिकलं. विचारलं कसं, तर दोघी एकाच यात्रेला गेल्या होत्या आणि तिथेही सकाळी शेतापर्यंत चालायला निघून जायच्या.

मॅडमना हे दाखवलं. त्यांना तक्ता हवा आहे, किती सुटल्या, किती घसरल्या. तक्ता देईन, पण त्याच्या शेजारी ‘त्या सकाळी सोबत कोण होतं’ असा रकाना घालणार आहे, आणि परिशिष्टात बदललेले तीन प्रश्न. सासू-सुनेची मुलाखत अजून बाकी आहे. सून बाळंतपणाला माहेरी गेली, जुलैच्या आत यायची नाही. प्रबंध जमा करायची तारीख त्याच्या आधीची, तेव्हा ती नोंद प्रबंधात येणार नाही, या वहीत येईल. बाळाचं वजन आशाताईंकडून कळेलच.